रक्त निवळण्यासाठी फैजपूरपर्यंत

आमच्या रक्तदाता गटाच्या वार्षिक अंकात दरवर्षी कुणी ना कुणी केदारनाथ लिहितो, नाहीतर कन्याकुमारी. यंदा मी जळगाव आणि फैजपूर लिहितो आहे. हसू नका. धुळ्याच्या माणसाला जळगाव केदारनाथपेक्षा लांब आहे. केदारनाथाचा आपल्याला हेवा वाटत नाही, जळगावचा वाटतो. सरकारी कागदावर आपण पश्चिम खानदेश होतो, ते पूर्व. खानदेश एकच, पण वाटणीत त्यांना केळी मिळाली, आपल्याला कुसळं. त्यांच्या नळाला पाणी येतं, आपल्या नळाला बातमी येते की पाणी येणार आहे. आणि आता त्यांच्याकडे रक्तातले घटक सुटे करणारं यंत्रही आलं. ते पाहायला नव्हे, वापरायला आम्ही गेलो होतो. सोबत थर्माकोलचा डबा होता आणि डब्यात दोन पिशव्या रक्त.

धुळे

रक्त सुमन भोयेसाठी होतं. वय बावीस, साक्रीच्या पलीकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची. तिच्या रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि लवकर मोडतात. तिच्या भागात हा आजार घरोघर आहे आणि त्याचं नाव घरोघर नाही. थंडी पडली, अंग दुखायला लागलं, मग धाप. तिचा भाऊ रामदास तिला घेऊन आला तेव्हा ती आडवी होऊ शकत नव्हती, उशीला टेकून बसली होती.

तिचा रक्तगट दुर्मीळ. दोन दाते मी स्वतः सायकलवर हिंडून शोधले, दोन पिशव्या भरल्या आणि छाती पुढे काढून वॉर्डात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टर पाठकांनी माझी छाती जागेवर बसवली.

"अख्खं रक्त तिला चालणार नाही," ते म्हणाले. "हृदय थकलंय. पिशवीत अर्ध्याहून जास्त नुसतं पिवळं पाणी असतं, ते भराभर आत गेलं की फुप्फुसात साचेल. मला त्यातल्या फक्त लाल पेशी हव्यात."

"मग काढा ना लाल पेशी."

"कशानं? चमच्यानं?"

ते यंत्र जळगावच्या एका रक्तपेढीत आहे हे मला माहीत होतं. माहीत काय होतं, त्यावर माझं पत्रक होतं. 'धुळ्याच्या रक्ताला यंत्र कधी?' असा मथळा, खाली सात मागण्या. पाठकांनी विचारलं, "दोन-तीन दिवस ती कशीबशी काढेल. तुम्ही जाऊन पेशी वेगळ्या करून आणाल?" मी हो म्हणालो. तासाभरात आम्ही एस.टी.त होतो.

जळगाव, पहिला दिवस

पारोळा गेलं, एरंडोल आलं. डबा रामदासच्या मांडीवर. शेजारच्या फेटेवाल्या नानांनी दोनदा डब्याकडे पाहिलं आणि शेवटी विचारलं, "काय शे या डबामा? कुल्फी?"

"रगत," रामदास म्हणाला.

नाना उठून पुढच्या सीटवर गेले. आम्हाला ऐसपैस जागा झाली. रामदास बोलका नाही, पण बोलतो ते कामाचं असतं.

जळगावच्या स्टँडबाहेर हातगाड्यांवर केळी इतकी होती की विकणारा खाणाऱ्यावर उपकार केल्यासारखा देत नव्हता, उलट ओझं कमी झाल्यासारखा देत होता. मला तेही आवडलं नाही. रक्तपेढी स्वच्छ, दारात चपला ओळीनं काढलेल्या, भिंतीवर दात्यांची नावं सुवाच्य अक्षरात. आपल्याकडे दात्यांची यादी माझ्या दप्तरात असते. मी प्रत्येक गोष्ट मोजत होतो आणि प्रत्येक गोष्टीत आपण हरत होतो.

तिथल्या तंत्रज्ञ कुंदाताई चौधरी. पन्नाशीच्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, बोलणं सुपारी कातरल्यासारखं. त्यांनी आधी डबा उघडला आणि मला झाडलं.

"बर्फ पिशवीला थेट लावलाय? पेशी गोठून फुटतील, मग काय लाल सरबत पाजणार तिला? मध्ये कागद घाला."

माझ्या पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता, जळगावकरांनाही वाटावीत म्हणून नेलेला. त्यांनी तोच उचलला आणि पिशव्यांभोवती गुंडाळला. पत्रकांचा रुग्णाला थेट उपयोग झाल्याचं मी प्रथमच पाहिलं.

मग त्यांनी यंत्र दाखवलं. गार खोलीत, कपाटाएवढं, पांढरंशुभ्र. झाकण उचललं की आत खोल पेले, समोरासमोर. समोरासमोरच्या पेल्यांत सारख्या वजनाच्या पिशव्या ठेवायच्या, म्हणजे फिरताना तोल जात नाही. यंत्र गरगर फिरतं, जड लाल पेशी तळाला दाबल्या जातात, हलकं पिवळं पाणी वर राहतं. "आणि ते पिवळंही कामाचं," कुंदाताई म्हणाल्या. "भाजलेल्या माणसाला तेच लागतं. एका दात्याचं रक्त दोघातिघांना पुरतं." मी झाकणावर हात ठेवून उभा राहिलो. खरं सांगतो, असा हेवा मला दुसऱ्याच्या नोकरीचा वाटला नाही, दुसऱ्याच्या लग्नाचा वाटला नाही.

"लावा मग," मी म्हणालो.

"बंद आहे."

"म्हणजे?"

"आतलं गार करणारं मशीन बिघडलंय. न गारवता फिरवलं तर रक्त तापतं. मुंबईचा मेकॅनिक सोमवारी येईल. तुम्ही निघण्याआधी फोन का नाही केला?"

सात मागण्या छापून घेणाऱ्या माणसाला एक फोन सुचला नव्हता. मी उत्तराऐवजी आवाज चढवला. यंत्र घ्यायचं आणि नीट ठेवायचं नाही, हा जनतेशी द्रोह आहे, वगैरे. कुंदाताईंनी शांतपणे ऐकलं. रामदासनं विचारलं, "बाई, यंत्रशिवाय नही व्हस का?"

"फैजपूरला आमचा वासुदेव झोपे आहे," त्या म्हणाल्या. "लॅब चालवतो. बारीक नळीतून रक्त सोडून वेगळं करतो, वीज नको, फिरवणं नको. पण त्याचं काम..."

पुढचं मी ऐकलं नाही. डबा उचलला आणि निघालो. पत्रकं लिहिणाऱ्याला वाक्याचा पहिला अर्धा भाग पुरतो.

फैजपूर, त्याच संध्याकाळी

तापी ओलांडली आणि दोन्ही बाजूंनी केळीच केळी. रस्ता म्हणजे हिरव्या भिंतींमधला बोळ. जमिनीवर काळ्या नळ्या पसरलेल्या, प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी थेंब थेंब पाणी टिपकतंय. जिथं पाणी आहे तिथंच ते थेंबानं मोजून देतात, आणि जिथं नाही त्या आमच्या गावात टँकरची नळी रस्त्यावर सांडत असते. मला त्यांचा राग यायला लागला, मग आमचा, मग पुन्हा त्यांचा.

झोपे माझ्याच वयाचा निघाला. हे मला सगळ्यात जास्त लागलं. पुढच्या खोलीत हिवतापाच्या काचा तपासायची लॅब, मागच्या दारातून बाग. चट्टेरी लुंगी, वर लॅबचा पांढरा कोट.

"या भो," तो म्हणाला. "कुंदाआत्यानं पाठवलं? बसा. आधी जेवा."

"आधी रक्त," मी म्हणालो.

त्यानं पिशव्या पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला न आवडणारी दया दिसली. त्यानं टेबलावर एक काच ठेवली. दोन काचपट्ट्या एकमेकींवर चिकटवलेल्या. उजेडाकडे धरली तेव्हा मधे केसासारखी रेघ दिसली, तिला दोन्ही अंगांनी त्याहून बारीक फांद्या. आरशावर मोर आणि वेली काढून देणाऱ्या एका कारागिराकडून त्यानं ती रेघ काचेत कोरून घेतली होती. असे पाच-पन्नास प्रयत्न फुकट गेले म्हणे.

त्यानं स्वतःचं बोट टोचलं, थेंब काचेच्या तोंडाशी लावला, दुसऱ्या तोंडाला बारीक पिचकारीनं हळूच ओढ दिली. मी भिंगातून पाहत होतो. लाल धागा मधल्या रेघेतून सरकत गेला. फाट्याशी आला आणि तिथं नवल झालं. लाल सगळं सरळ गेलं, आणि बाजूच्या बारीक फांदीत फिकट पिवळं, स्वच्छ पाणी शिरलं. कुणी गाळलं नाही, कुणी फिरवलं नाही.

"हे कसं?" मी विचारलं. खरं तर विचारायचं नव्हतं.

"ठिबकमधून शिकलो," झोपे म्हणाला. "गढूळ पाणी नळीतून जाताना पाहिलं? मधल्या धारेत माती धावते, कडेला निवळ राहतं. फाटा आला की ज्या नळीत ओढ जास्त तिकडं माती पळते. मंद फांदीला निवळ मिळतं. रक्ताचंही तसंच. रेघ केसाएवढी पाहिजे, बस."

"याचा उपयोग?"

"तान्ह्या पोराची शीर सापडत नाही, तेव्हा टाचेच्या एका थेंबातून कावीळ तपासता येईल. खेड्यात, वीज नसताना. पण अजून दहातली चार काचा तुंबतात."

"आणि आमच्या दोन पिशव्या?"

रामदासला आधी समजलं. त्यानं काचेकडे बघितलं, मग डब्याकडे. "हाई तं थेंबनं काम शे, भाऊ," तो म्हणाला. "बठ्ठं कवय व्हयी?"

"दोन्ही पिशव्या कधी होतील?" झोपे म्हणाला. "पुढच्या केळीच्या हंगामापर्यंत. आत्या बोलली नाही का तुम्हाला?"

आत्या बोलत होती. मी जिना उतरत होतो.

पिशव्यांचं काय करायचं ते सकाळी ठरवू म्हणून झोपेनं त्या आपल्या औषधांच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. आडव्या ठेवायला जागा नव्हती, म्हणून नळीचं तोंड खाली करून, दोन डब्यांच्या मधे उभ्या. आणि आम्हाला जेवायला बसवलं. भरीत. पांढुरकी, मोठाली वांगी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, आगीवर भाजलेली, बडगी नावाच्या लाकडी उखळीत कुटलेली, वर कांद्याची पात, शेंगदाणे, हिरवी मिरची, तेलाची धार. ताट म्हणून केळीचं पान, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. आपल्याकडेही भरीत होतं, पण हे मान्य करायला हवं की ते आपलं भरीत चाखून हसतील. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि प्रत्येक घासाला चिडलो. एवढं चांगलं वांगं, एवढं पाणी, आणि वर हा माणूस काचेत केसाएवढी नदी वाहवतो. माझ्या वयाला माझ्याकडे काय? पाच पत्रकं आणि एक सायकल.

रामदास फारसा जेवला नाही. "बहीन तठे एकली शे," एवढंच म्हणाला.

फैजपूर, दुसरा दिवस

सकाळी झोपेनं हाक मारली. "भो, इकडं या. पण हळू."

त्यानं फ्रिजचं दार अगदी सावकाश उघडलं. दोन्ही पिशव्या जशा ठेवल्या तशा उभ्या होत्या. मात्र काल त्या एकरंगी होत्या, आज नव्हत्या. खाली काळपट लाल, वर पिवळा थर. सीमा अजून पुसट होती, पण होती.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"कुणी नाही केलं. म्हणून तर झालं. शेततळ्यातलं पाणी ठिबकला सोडायच्या आधी आम्ही ते रात्रभर बसू देतो, गाळ तळाला जातो. रक्तही बसतं. आणखी एक दिवस न हलवता राहिलं तर चांगलं बसेल." तो माझ्याकडे वळला. "तुमच्या धुळ्यात फ्रिज आहे ना?"

"आहे."

"आणि जमीन खाली ओढते ना तिथंही? की त्याचीही मागणी करावी लागते?"

तो पुढे सांगत राहिला. पिशवीचं तोंड खाली, लाल पेशी तळाशी. तशीच, न हलवता रुग्णाला लावली की आधी लालच उतरेल. पिवळं यायला लागलं की नळी बंद करायची. पिशवी उघडायची नाही, काही मिसळायचं नाही. पूर्वी मोठ्या दवाखान्यांतही असं करत, कुंदाआत्याच सांगायची. "पण डॉक्टरला विचारा. मी डॉक्टर नाही."

कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथमधून मी धुळ्याला फोन लावला. पाठक फोनवर आले. सुमननं रात्र बसून काढली होती, ओठ निळसर होते. मी सगळं सांगितलं.

"आमचे सर असं सांगायचे खरं," ते म्हणाले. "मोठ्या शहरांत यंत्र आल्यावर कुणी केलंच नाही, आणि आपल्याकडे यंत्रच नाही, तरी आम्हीही विसरलो. चालेल. तिला एक दिवस मी धरून ठेवतो. या. आणि पिशव्या सांभाळून आणा."

सांभाळून आणून उपयोग नव्हता. फैजपूर ते धुळे एस.टी.त बसलात तर तुमच्याच पोटात काय खाली आणि काय वर ते ठरत नाही. रात्रभर शांत बसलेलं रक्त एरंडोलपर्यंत पुन्हा एकरंगी झालं. रामदासनं डबा उघडून पाहिलं आणि झाकण लावलं. आम्ही दोघंही तेच विचार करत होतो. काल ह्या पिशव्या धुळ्यातच नुसत्या उभ्या ठेवल्या असत्या, तर आज सुमनला रक्त लागलं असतं. एका दिवसाचं तिचं श्वास ओढणं मी प्रवासात घालवलं होतं. मला वाटलं तो मला बोलेल. तो म्हणाला, "भाऊ, त्या झोपेनी काच भारी शे." तेवढ्यानं माझा हेवा पुन्हा जागा झाला. शरमेपेक्षा तो मला सोपा गेला.

धुळे, पुन्हा

पिशव्या फ्रिजमध्ये तोंड खाली करून उभ्या केल्या. फ्रिज सगळ्या वॉर्डाचा, दर दहा मिनिटांनी कुणी ना कुणी दार ओढणार. मी कागद घेतला आणि लिहिलं, 'हात लावू नये.' दारावर चिकटवला. मथळा नाही, मागण्या नाहीत. आजवर लिहिलेल्यांपैकी एवढंच पत्रक लोकांनी पाळलं. पाळलं याचं श्रेय अर्थात रामदासचं, कारण तो खाली बैठक मारून बसला होता आणि दाराला हात घालणाऱ्याकडे नुसता बघायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी थर स्पष्ट झाले. वॉर्डच्या मोठ्या सिस्टर आल्या. त्यांना सगळे अक्का म्हणतात, नोकरीची तीस वर्षं झाली, आम्हा सगळ्यांहून जास्त रक्त त्यांनी चढवलंय. त्यांनी पहिली पिशवी उचलली आणि सवयीनं दोन्ही तळहातांवर घेऊन आडवी करायला लागल्या, जशी आतलं रक्त एकसारखं व्हावं म्हणून लावण्याआधी करायचीच असते.

"बाई, हालाडू नका," रामदास उभा राहिला.

"मला शिकवतोस का रे?"

"नही अक्का. पाया पडस. हालाडू नका."

अक्कांचे हात थांबले. पिशवी तिरकी झाली होती, आत पिवळ्यात लाल धुरासारखं चढायला लागलं होतं. पाठक धावत आले. "अक्का, आज नाही हलवायची. आहे तशी सरळ धरा." अक्कांनी ती हळूहळू उभी केली. एक हात वर, एक खाली, देवघरातली समई नेल्यासारखी खाटेपर्यंत नेली. धूर पुन्हा खाली बसला की नाही हे मला कळेना.

रक्त दाट होतं, नळीतून अगदी सावकाश उतरलं. सुमन उशीला टेकून त्या थेंबांकडे पाहत होती. पाठक दर थोड्या वेळानं तिच्या पाठीला स्टेथोस्कोप लावायचे, फुप्फुसात पाणी वाजतंय का ऐकायचे. वाजलं नाही. दिवेलागणीला तिनं पाय लांब केले. मग उशी खाली सरकवायला सांगितली. चार दिवसांत पहिल्यांदा ती कुशीवर टेकली, आणि रामदास बाहेर जाऊन नळाखाली बराच वेळ तोंड धूत राहिला. नळाला त्या दिवशी पाणी होतं.

नळीत पिवळसर झाक आली तशी पाठकांनी कळ आवळली. पिशवीत निम्म्याहून जास्त उरलं होतं, निवळ, मधाच्या रंगाचं.

"हाई कोनले?" सुमननं विचारलं. तिचा आवाज मी प्रथमच नीट ऐकला.

"कुणाला नाही," पाठक म्हणाले. "हे वेगळं काढून टिकवायची सोय इथं नाही. टाकून द्यायचं."

"फेकी देवानं? कोन्हं तरी रगत शे ना ते?"

ते कुणाचं होतं मला माहीत होतं. देवपुरातल्या एका शिंप्याचं, जो सकाळचं काम सोडून माझ्या सायकलच्या मागे बसून आला होता. जळगावला, यंत्र चालू असतं तर, ही अर्धी पिशवी एखाद्या भाजलेल्या बाईच्या खाटेशी लागली असती. पाठकांनी ती माझ्याकडे दिली आणि कोपऱ्यातल्या बादलीकडे बोट दाखवलं. उद्या दुसरी पिशवी लागेल, तिचंही हेच. सुमन वाचली, आणि मी पुन्हा जळगावचा हेवा करायला मोकळा झालो. या वेळी मला मागण्या शोधाव्या लागल्या नाहीत. एकच होती, हे पिवळं टिकवा एवढी, ती पिशवी होऊन माझ्या हातात होती, अजून गार लागत होती, आणि मला ती बादलीत टाकायची होती.